कॉलेजचा रनिंग बॅक फँटसी संघात घ्यावा का, हे कसं ठरवायचं?

२०२० च्या मे महिन्यात अमेरिकन फँटसी फुटबॉलमधली डायनेस्टी लीग, म्हणजे खेळाडू वर्षानुवर्षं राखायची लीग, खेळणाऱ्यांपुढे एक प्रश्न होता. रुकी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडू निवडताना, पहिल्यांदा कुणाचं नाव घ्यायचं, क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरचं की जॉनथन टेलरचं? एक लुइझियाना स्टेटचा, राष्ट्रीय विजेत्या संघातला, नुकताच एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) कॅन्सस सिटी चीफ्सनी पहिल्या फेरीत उचललेला. दुसरा विस्कॉन्सिनचा, तीन मोसमांत ६,१७४ यार्ड धावलेला, इंडियानापोलिस कोल्ट्सनी दुसऱ्या फेरीत घेतलेला. पुष्कळांनी एडवर्ड्स-हेलेअरला घेतलं. २०२१ मध्ये टेलर १,८११ यार्ड आणि १८ टचडाउनसह (चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन) धावण्यात साऱ्या लीगमध्ये पहिला आला. एडवर्ड्स-हेलेअरला एकाही मोसमात हजार यार्ड गाठता आले नाहीत.

निकाल कळल्यावर शहाणपण सांगणं सोपं असतं. म्हणून या लेखात मला पाहायचंय ते वेगळंच. त्या मे महिन्यात, हातात असलेल्या माहितीवर, या दोघांतला फरक दिसू शकला असता का? माझं उत्तर आहे, बऱ्याच अंशी हो. मात्र त्यासाठी कॉलेजच्या आकड्यांकडे कोणत्या क्रमानं पाहायचं, हे आधी ठरवावं लागतं.

जे या खेळात नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ड्रीम इलेव्हनमुळे ‘फँटसी’ हा प्रकार मराठी घरांत पोहोचला, पण तिथे संघ एका सामन्यापुरता असायचा. अमेरिकेतली फँटसी फुटबॉल लीग पूर्ण मोसमाची असते. दहा-बारा जण मिळून लीग काढतात, प्रत्येक जण एनएफएलमधल्या खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ उभा करतो, आणि दर आठवड्याला त्या खेळाडूंच्या मैदानावरच्या कामगिरीवर गुण मिळतात. न्यू जर्सी, डॅलस किंवा बे एरियात राहणारी मराठी मंडळी बहुधा ऑफिसच्या लीगमधून यात शिरतात. डायनेस्टी हा त्यातला मुरलेल्यांचा प्रकार. त्यात खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्याकडेच राहतात. दर उन्हाळ्यात निवडायला मिळतात ते कॉलेजातून नुकतेच आलेले रुकी. म्हणजे आज घेतलेला निर्णय पुढची चार-पाच वर्षं सोबत राहणार.

गुणांचा हिशोब साधा आहे. दहा यार्ड धावलं की एक गुण, टचडाउनचे सहा, आणि सध्या सर्वाधिक चालणाऱ्या पद्धतीत प्रत्येक झेलाचा एक गुण वेगळा. हा झेलाचा गुण लक्षात ठेवा, कारण पुढचं अर्धं गणित त्यावरच उभं आहे.

यार्ड कुणाचे?

रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅकच्या (आक्रमण चालवणाऱ्या, पास फेकणाऱ्या खेळाडूच्या) मागे किंवा बाजूला उभा राहून त्याच्या हातून चेंडू घेणारा आणि बचावाच्या भिंतीतून वाट काढत पुढे पळणारा खेळाडू. पण ती वाट तो एकटा काढत नाही. त्याच्या पुढे पाच दांडगे खेळाडू असतात, ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात त्यांना. तीनशे पाउंडांच्या, म्हणजे साधारण १३५ किलोच्या, आसपासची ही माणसं समोरच्यांना ढकलून फट पाडतात. फट मोठी असेल तर पहिले चार-पाच यार्ड बॅकला जवळजवळ फुकट मिळतात. त्यामुळे ‘अमुक खेळाडू १,८०० यार्ड धावला’ या वाक्यातले किती यार्ड त्याचे आणि किती त्या पाच जणांचे, हा पहिला प्रश्न. सपाट खेळपट्टीवर रणजीत ठोकलेल्या द्विशतकाकडे निवड समिती जशी हातचं राखून पाहते, तसंच कॉलेजच्या एकूण यार्डांकडे पाहावं.

विस्कॉन्सिन विद्यापीठाचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. तिथली लाइन पिढ्यान्पिढ्या तगडी, आणि तिच्यामागे धावणाऱ्या प्रत्येकाचे आकडे डोळे दिपवणारे. रॉन डेननं १९९९ ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब) जिंकली, २००० मध्ये जायंट्सनी त्याला अकराव्या क्रमांकावर घेतलं, आणि एनएफएलच्या एकाही मोसमात तो हजार यार्डांपर्यंत गेला नाही. माँटी बॉलनं २०११ मध्ये ३९ टचडाउन करून बॅरी सँडर्सच्या विक्रमाशी बरोबरी केली. २०१३ मध्ये ब्रॉन्कोजनी त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं आणि दोन मोसमांत त्याचा एनएफएलमधला खेळ आटोपला. मेल्विन गॉर्डन २०१४ मध्ये २,५८७ यार्ड धावला. पंधराव्या क्रमांकावर चार्जर्सकडे गेला आणि रुकी मोसमात त्याला एकही टचडाउन करता आलं नाही, पण पुढे तो अनेक वर्षं भरवशाचा फँटसी बॅक ठरला. आणि चौथा टेलर. एकच विद्यापीठ, एकाच घडणीच्या लाइन, आणि चौघांची चार नशिबं. यार्डांच्या बेरजेवरून या चौघांना वेगळं काढता येतच नाही.

अलाबामाचा ट्रेंट रिचर्डसन २०११ मध्ये १,६७९ यार्ड धावला तेव्हाही तसंच होतं. त्याच्या पुढे चान्स वॉर्मॅक आणि डी. जे. फ्लुकर उभे होते. हे दोघे २०१३ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये लागोपाठ, दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर निवडले गेले. एवढ्या ताकदीच्या माणसांनी पाडलेल्या फटीतून धावताना बॅकची नजर खरोखर किती तीक्ष्ण आहे, हे कळायला मार्गच उरत नाही.

त्याचं स्वतःचं किती

मग त्याचा स्वतःचा वाटा मोजायचा कसा? यासाठी दोन आकडे कामाचे आहेत. पहिला, बचावपटूचा पहिला स्पर्श झाल्यानंतर मिळवलेले यार्ड. दुसरा, त्यानं किती बचावपटूंची पकड चुकवली किंवा मोडली. स्पर्श होईपर्यंतचं श्रेय लाइनचं, त्यानंतरचं बहुतांशी बॅकचं. प्रो फुटबॉल फोकससारख्या संस्था प्रत्येक सामन्याचं चित्रण पाहून हे मोजतात.

बॉइसी स्टेटचा ॲश्टन जेंटी हे अलीकडचं सर्वांत ठसठशीत उदाहरण. नौदलात असलेल्या वडिलांच्या नोकरीमुळे त्याचं बालपण काही काळ इटलीत नेपल्सला गेलं आणि अमेरिकन फुटबॉल तो पहिल्यांदा खेळला तेही तिथेच, ही मला फार आवडणारी गोष्ट. २०२४ मध्ये तो ३७४ वेळा चेंडू घेऊन २,६०१ यार्ड धावला. १९८८ मधला बॅरी सँडर्सचा २,६२८ यार्डांचा विक्रम मोडायला त्याला २८ यार्ड कमी पडले. सँडर्सचा आकडा अकरा सामन्यांचा आणि जेंटीचा चौदा सामन्यांचा, हे सोबत सांगायलाच हवं. पण माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट ही की त्या यार्डांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक स्पर्शानंतरचे होते. उंची जेमतेम पाच फूट साडेआठ इंच, वजन २११ पाउंड, म्हणजे ९६ किलोच्या आसपास. पाय रोवून इतका खाली वाकून पळतो की धक्का मारणाऱ्याला धड पकडायला काही सापडतच नाही.

शंका घेणारे म्हणत होते, बॉइसी स्टेट माउंटन वेस्ट परिषदेत, म्हणजे विद्यापीठ संघांच्या त्या गटात, खेळतं, समोरचे बचाव दुबळे. शंका रास्त होती. त्यासाठी तगड्या संघांविरुद्धचे सामने वेगळे काढून पाहायचे. सप्टेंबरमध्ये ओरेगनविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, तो २५ धावांत (इथे धाव म्हणजे चेंडू घेऊन पळण्याची एक खेप) १९२ यार्ड आणि तीन टचडाउन घेऊन आला. बॉइसी स्टेट ३७-३४ असं निसटतं हरलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी फिएस्टा बोलमध्ये पेन स्टेटनं मात्र त्याला जखडून ठेवलं, ३० धावांत १०४ यार्ड आणि टचडाउन एकही नाही. या दोन सामन्यांपैकी एकच दाखवून बाजू मांडणारे पुष्कळ भेटतील. दोन्ही एकत्र पाहिले तर चित्र असं दिसतं: खेळाडू अव्वल आहे, पण समोरच्यांनी लाइन मोडून काढली आणि सगळा बचाव त्याच्यावरच रोखला, तर तोही माणूसच आहे.

चित्रण स्वतः पाहणार असाल तर ठळक क्षणांची चित्रफीत पाहू नका. साठ यार्डांची दौड सगळ्यांचीच छान दिसते. एखादा पूर्ण सामना घ्या आणि ज्या धावा दोन-तीन यार्डांत संपल्या त्या पाहा. फट बंद झाल्यावर तो काय करतो? मागे वळून मैदानाच्या कडेला पळत सुटतो आणि चार यार्ड गमावतो, की खांदा खाली घालून दोन यार्ड तरी पदरात पाडून घेतो? एनएफएलचे प्रशिक्षक दुसऱ्याला पुन्हा चेंडू देतात. कॉलेजात वेगाच्या जोरावर कडेला पळणं खपून जातं, पण एनएफएलमध्ये लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतले खेळाडू, तेही तेवढ्याच वेगानं पळतात.

झेलाचं गणित

आता गुणांकडे परत येऊ. एक सर्वसाधारण धाव सव्वाचार-साडेचार यार्डांची, म्हणजे अर्ध्या गुणाहूनही कमी. सात-आठ यार्डांचा एक झेल म्हणजे झेलाचा एक आणि यार्डांचा पाऊण, असा पावणेदोन गुण. काही पास हुकतात हे धरलं तरी बॅककडे फेकलेला एक पास त्याच्या हातात दिलेल्या एका धावेच्या जवळपास तिप्पट मोलाचा ठरतो. क्रिस्टियन मॅकॅफ्रीनं २०१९ मध्ये १,३८७ यार्ड धावून काढले आणि ११६ झेलांवर १,००५ यार्ड. टचडाउन बाजूला ठेवले तर धावण्याचे १३८ गुण आणि झेलांचे २१६. फँटसीत त्या वर्षी त्याच्या आसपासही कुणी नव्हतं.

म्हणून कॉलेजात त्यानं किती झेल घेतले, हे पाहायलाच हवं. पण कसे घेतले, हे त्याहून महत्त्वाचं. क्वार्टरबॅक अडचणीत आला की शेवटचा उपाय म्हणून बाजूला टाकलेला चेंडू कुणीही पकडतो. त्याला रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूच्या, जागी उभं करून ठरवून पास दिले जात होते का? जामीर गिब्स अलाबामात २०२२ मध्ये ४४ झेल घेत होता आणि तिथे तो वापर स्पष्ट दिसायचा. लायन्सनी त्याला २०२३ मध्ये बाराव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा बऱ्याच जाणकारांना ते फार वरचं वाटलं. फँटसी खेळणाऱ्यांना तेवढं वाटलं नाही.

अल्विन कमाराचं उदाहरण तर कायम डोळ्यासमोर ठेवावं असं. टेनेसीच्या दोन मोसमांत मिळून त्याला फक्त २१० धावा मिळाल्या, विस्कॉन्सिनचा बॅक एका मोसमात याहून जास्त वेळा चेंडू घेतो. पण झेल होते ७४. २०१७ मध्ये सेंट्सनी तिसऱ्या फेरीत ६७ व्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच वर्षी ८१ झेलांसह तो आक्रमणातला सर्वोत्तम रुकी ठरला. कॉलेजात कमी वापरला गेला म्हणजे कमी प्रतीचा, असं नसतं. जॉश जेकब्सही अलाबामातल्या तीन वर्षांत अवघ्या २५१ धावा घेऊन आला आणि २०२२ मध्ये १,६५३ यार्डांसह एनएफएलमध्ये धावण्यात अव्वल ठरला.

झेलांशी जोडलेली एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही, ती म्हणजे पास टाकला जात असताना क्वार्टरबॅकचं रक्षण करणं. धावत येणाऱ्या लाइनबॅकरला अंगावर घेणं ज्या बॅकला जमत नाही, त्याला तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) प्रशिक्षक बाहेर बसवतात. आणि झेल मिळतात ते बहुतांशी तिसऱ्या डाउनलाच.

वजन आणि वेग

फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कंबाइन होतं. तिथे खेळाडूंची मोजमापं घेतात आणि ४० यार्डांची, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरची, दौड लावतात. टीव्हीवर सगळा गाजावाजा त्या वेळेचा. पण नुसता वेग फसवा असतो, कारण ८५ किलोचा माणूस ४.४५ सेकंदांत धावणं आणि १०२ किलोचा माणूस तेवढ्याच वेळात धावणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्रीडालेखक बिल बार्नवेल यांनी २००८ च्या सुमारास यासाठी ‘स्पीड स्कोअर’ मांडला. पाउंडांतल्या वजनाला २०० नं गुणायचं आणि दौडीच्या वेळेच्या चौथ्या घातानं भागायचं. शंभरच्या आसपास आला तर सर्वसाधारण, ११० च्या वर गेला तर उत्तम.

मघाच्या विस्कॉन्सिनच्या चौघांपैकी तिघे यात घालून बघा. बॉल २१४ पाउंडांचा आणि ४.६६ सेकंदांचा, त्याचा स्कोअर येतो ९१. गॉर्डन २१५ पाउंड आणि ४.५२, म्हणजे १०३. टेलर २२६ पाउंड आणि ४.३९, म्हणजे १२२. यार्डांच्या बेरजेला जे वेगळं काढता आलं नव्हतं ते या एका भागाकारानं अचूक क्रमानं लावून दाखवलं.

पण याला देव मानू नका. नोत्र दामचा कायरन विल्यम्स १९४ पाउंडांचा आणि ४.६५ सेकंदांचा होता, त्याचा स्कोअर ८३. पाचव्या फेरीत रॅम्सनी घेतलं. पहिलं वर्ष दुखापतीत वाया गेलं, आणि २०२३ मध्ये केवळ १२ सामन्यांत तो १,१४४ यार्ड धावला. त्याच्या नजरेचं आणि क्वार्टरबॅकच्या रक्षणाचं कौतुक कॉलेजपासून होत होतं. जेंटीनं तर ही दौड लावलीच नाही. माझ्या मते स्पीड स्कोअर आवड-निवड बदलण्यासाठी वापरू नये, दोन बरोबरीच्या खेळाडूंमधून एक निवडताना वापरावा.

वयाबद्दल थोडक्यात. रनिंग बॅकची चांगली वर्षं लवकर सुरू होतात आणि लवकर संपतात, सत्ताविशी-अठ्ठाविशीला उतार लागतो. त्यामुळे २१ व्या वर्षी ड्राफ्टला आलेला आणि २४ व्या वर्षी आलेला यांत तीन उमेदीच्या मोसमांचा फरक असतो. २०२० चा कोविडचा मोसम खेळाडूंच्या पात्रतेत मोजला गेला नाही, २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या जाहिरातींचे पैसे मिळू लागले, विद्यापीठ बदलणं सोपं झालं. त्यामुळे मुलं कॉलेजात जास्त रमू लागली. आता तेविशी ओलांडलेला बॅक दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नये, पण त्यानं १९-२० व्या वर्षी काय केलं होतं ते जरूर काढून पाहावं. पोरवयात मोठ्यांशी झगडून जागा मिळवलेला खेळाडू मला जास्त विश्वासार्ह वाटतो.

संघानं काय मोजलं

एवढं सगळं पाहून झालं की एप्रिलच्या शेवटी एनएफएलचा ड्राफ्ट येतो आणि आपल्या यादीची उलथापालथ करतो. तशी ती व्हायलाही हवी. कारण बत्तीस संघांकडे वैद्यकीय अहवाल असतात, मुलाखती असतात, प्रशिक्षकांशी खासगीत झालेली बोलणी असतात. आपल्याकडे यातलं काहीच नसतं. कोणत्या क्रमांकावर निवड झाली, हा आपल्याला मिळणारा या सगळ्या माहितीचा अर्क.

त्याहूनही मोठं कारण आहे संधी. फँटसीचे गुण चेंडू हातात आल्यावरच मिळतात. पहिल्या फेरीतला बॅक सुरुवातीला अडखळला तरी त्याला चेंडू मिळत राहतो, कारण ज्यानं तो निवडला त्या व्यवस्थापकाची इभ्रत पणाला लागलेली असते. सहाव्या फेरीतल्याचा चेंडू दोनदा सुटला की डिसेंबरपर्यंत तो बाकावर. मॅकॅफ्री आणि बिजान रॉबिन्सन आपापल्या वर्षी आठव्या क्रमांकावर, सॅक्वॉन बार्क्ली दुसरा, गिब्स बारावा, जेंटी सहावा निवडला गेला होता. वरच्या निवडीतल्या प्रत्येकाचं सोनं होत नाही. रिचर्डसन तिसरा होता. पहिल्या वर्षी ११ वेळा धावत जाऊन टचडाउन केले, पण सरासरी ३.६ यार्ड, आणि दुसऱ्या मोसमाच्या सुरुवातीलाच ब्राउन्सनी त्याला कोल्ट्सकडे देऊन टाकलं. तिथे तो आणखी घसरला. तरीही एरियन फॉस्टरसारखा एकाही संघानं न निवडलेला आणि २०१० मध्ये १,६१६ यार्डांसह लीगमध्ये पहिला आलेला खेळाडू विरळाच. अशा विरळ्यांच्या आशेवर पहिल्या फेरीतल्या निवडी खर्चू नयेत.

इथे एक बारकावा. ‘या वर्षीचा पहिला बॅक’ आणि ‘पहिल्या फेरीतला बॅक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१४ मध्ये बिशप सँकी सर्वांत आधी निवडला गेला, पण कोणत्या क्रमांकावर? चोपन्नाव्या. त्या वर्षी एकाही संघाला पहिल्या फेरीत बॅक घ्यावासा वाटला नव्हता. दोन मोसमांत सँकी विस्मरणात गेला. २०२४ लाही पहिल्या फेरीत एकही बॅक नव्हता. सर्वांत आधी ४६ व्या क्रमांकावर गेला टेक्ससचा जॉनथन ब्रुक्स, आणि तोही गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला. त्याच वर्षाअखेर तोच अस्थिबंध पुन्हा फाटला. गुडघ्याच्या दुखापतीतून सावरून आलेला टॉड गर्ली २०१७ मध्ये आक्रमणातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता हे खरं, पण त्याच गुडघ्यानं २०२० पर्यंत त्याला रॅम्समधून बाहेर काढलं हेही खरं.

पुन्हा २०२०

आता ही सगळी मापं त्या दोघांना लावू. एडवर्ड्स-हेलेअर पहिल्या फेरीत, बत्तिसावा. टेलर दुसऱ्या फेरीत, एक्केचाळिसावा. मधलं अंतर नऊ क्रमांकांचं, म्हणजे जवळपास नाहीच. ‘पहिली फेरी’ या शिक्क्यानं ते उगाच मोठं दिसलं. झेलांत एडवर्ड्स-हेलेअर स्पष्ट पुढे होता, २०१९ च्या मोसमात ५५. टेलरचे तीन वर्षांत मिळून ४२. पण स्पीड स्कोअर काढा. २०७ पाउंड आणि ४.६० सेकंद, म्हणजे ९२. समोर टेलरचे १२२. ही दरी किरकोळ नव्हती.

त्यातही एडवर्ड्स-हेलेअरचं बहुतेक सारं काम एका मोसमाचं, आणि तो मोसम कोणता? ज्यात जो बरो पास फेकत होता आणि जमार चेस, जस्टिन जेफरसन तो झेलत होते. त्यांना रोखायला बचाव मैदानभर पसरलेला, मधोमध बॅकसाठी मोकळं रान. टेलरसमोर तीन वर्षं सगळ्यांना माहीत होतं की चेंडू यालाच जाणार, तरी तो दरवर्षी १,९०० यार्डांच्या पुढे गेला. त्याच्याविरुद्धचे मुद्देही खोटे नव्हते. ९२६ धावांनी झिजलेलं शरीर, हातातून वारंवार सुटणारा चेंडू, विस्कॉन्सिनची लाइन. पण हे सगळे सुधारता येण्यासारखे किंवा तपासून सूट देता येण्यासारखे होते. वजन आणि वेग मात्र कुणी शिकवून येत नाही.

मग एवढे लोक तिकडे का वळले? संघामुळे. क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स, प्रशिक्षक अँडी रीड, नुकतंच जिंकलेलं सुपर बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद. जुलैच्या शेवटी चीफ्सचा आधीचा बॅक डेमियन विल्यम्सनं कोविडमुळे मोसमातून माघार घेतली आणि उरलासुरला संकोचही गेला. पहिल्याच सामन्यात टेक्सन्सविरुद्ध १३८ यार्ड निघाले, सगळे खूश. पण ऑक्टोबरमध्ये चीफ्सनी लेव्हियन बेल हा आणखी एक बॅक आणला, आणि चीफ्सचं आक्रमण पास फेकण्यावरच इतकं उभं होतं की बॅकच्या वाट्याला येणारा चेंडू कमीच राहिला. कोल्ट्सकडे मार्लन मॅक हा बॅक आधीच होता म्हणून टेलरला कमी लेखलं गेलं होतं. पहिल्याच सामन्यात मॅकची टाच गेली आणि वाट मोकळी झाली. ते दुर्दैव कुणी आधी ओळखू शकत नव्हतं. पण मॅकचा करार त्या वर्षी संपत होता, हे मे महिन्यातही कागदावर होतं.

संघ कोणता मिळाला, हे एका वर्षाच्या लीगमध्ये फार महत्त्वाचं. डायनेस्टीत मी त्याला सर्वांत कमी वजन देतो. प्रशिक्षक बदलतात, लाइन बदलते, शेजारचा बॅक दोन वर्षांत निघून जातो. खेळाडूचा देह, नजर आणि हात तेच राहतात. माझा क्रम असा: आधी ड्राफ्टमधला क्रमांक, फेरी न पाहता. मग झेल आणि ते कसे घेतले. मग स्पर्शानंतरचे यार्ड. मग वजन-वेग आणि वय. एकूण यार्ड आणि मिळालेला संघ सगळ्यात शेवटी.

हे लिहिताना जेंटीचा पहिला मोसम समोर आहे. २०२५ मध्ये त्याला निवडणाऱ्या रेडर्सची लाइन विस्कटलेली होती, संघ लीगच्या तळाला, आणि प्रशिक्षक पीट कॅरल यांना एकाच मोसमानंतर जावं लागलं. धावण्याची सरासरी चार यार्डांच्या खाली राहिली, हजार यार्ड भरले नाहीत. ज्यांनी कॉलेजचे २,६०१ यार्ड पाहून त्याला घेतलं होतं ते हिरमुसले. पण त्याच मोसमात त्यानं पन्नासहून अधिक झेल घेतले आणि चेंडू त्याच्याच हातात येत राहिला. तुमच्या लीगमध्ये कुणी हिरमुसला मालक त्याला स्वस्तात द्यायला तयार असेल, तर गॉर्डनचा टचडाउनविना गेलेला पहिला मोसम आणि दुसऱ्या मोसमात त्यानं धावून काढलेले दहा टचडाउन आठवा, आणि बोलणी सुरू करा. मी असतो तर दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी द्यायलाही कचरलो नसतो.